वाचक विचारतात: लहानग्यांचा पक्षाघात

पक्षाघात म्हटला की डोळ्यांसमोर साठीतला, बीपी-शुगर असलेला माणूस येतो. पाळण्यातल्या बाळाला किंवा अंगणवाडीतल्या पोराला तो होऊ शकतो, हे पुष्कळांच्या कानावरच नाही. त्यामुळे मोलाचे पहिले तास आणि कधी कधी पहिले महिनेही हातचे जातात. सोलापूर शहर आणि तालुक्यांतून आलेल्या प्रश्नांना बालरोग, मेंदूविकार आणि फिजिओथेरपी या तिन्ही बाजूंनी मिळून इथे उत्तरं दिली आहेत.

आधी एका शब्दाबद्दल. आपल्याकडे ‘झटका’ म्हणजे कुणाला फिट वाटते, कुणाला पक्षाघात, तर कुणाला हार्ट अटॅक. खेड्यांत ‘वारं गेलं’ म्हणतात. इथे पक्षाघात म्हणजे मेंदूची रक्तवाहिनी तुंबणं किंवा फुटणं, आणि फिट म्हणजे आकडी. दवाखान्यातही नुसतं ‘झटका आला’ म्हणू नका, डोळ्यांनी काय पाहिलं ते सांगा.

माझा नातू सात महिन्यांचा आहे. खुळखुळा, चमचा, बिस्किट, सगळं डाव्याच हातानं घेतो. उजवी मूठ बहुतेक वेळ मिटलेली असते. घरचे म्हणतात, पणजोबांसारखा डावखुरा होणार. मला मात्र चैन पडत नाही. – एक आजी, बार्शी

आजी, तुमची शंका रास्त आहे आणि ती घरच्यांच्या कौतुकात विरू देऊ नका. वर्षाच्या आतलं बाळ डावखुरं नसतं आणि उजवंही नसतं. ते दोन्ही हात सारखेच वापरतं. एखादं बाळ सहा-सात महिन्यांतच एका हाताला पक्कं झालं, तर तो हात हुशार आहे असं समजू नये. दुसरा हात मागे पडलाय का, ते पाहावं.

घरी पाच मिनिटांत पाहता येईल. बाळ जागं, पोट भरलेलं आणि आनंदात असताना त्याला आईच्या मांडीवर सरळ बसवा, डोकं मध्ये राहू द्या. खेळणं बरोबर नाकासमोर वीतभर अंतरावर धरा आणि कुठला हात पुढे येतो ते पाहा. असं दहा वेळा करा. मग खेळणं उजवीकडे नेऊन धरा. डावा हात छाती ओलांडून उजवीकडे येतो आणि उजवा तसाच पडून राहतो का? नंतर दोन्ही हातांशिवाय धरता येणार नाही असं काही द्या, मोठा चेंडू किंवा रिकामा स्टीलचा डबा. मिटलेल्या मुठीत अंगठा आत दुमडलेला आहे का, तेही पाहा. शेवटी लंगोट सोडून बाळाला पाठीवर झोपवा आणि दोन्ही पाय सारखे झाडतं का ते बघा. या सगळ्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढा. दवाखान्यात बाळ रडायला लागलं की यातलं काहीच दिसत नाही, तिथे हा व्हिडिओ फार उपयोगी पडतो.

असं होण्याचं सगळ्यांत महत्त्वाचं कारण म्हणजे जन्माच्या आसपास झालेला पक्षाघात. गर्भाच्या विसाव्या आठवड्यापासून जन्मानंतरच्या अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत झालेला पक्षाघात या गटात धरतात. काही बाळांना पहिल्या दोन-तीन दिवसांतच फिट येते, एकच हात किंवा एकच पाय लयीत उडत राहतो, आणि त्यांचं निदान तिथेच होतं. बाकीची बाळं मात्र दूध पितात, हसतात, वजन धरतात. पहिल्या महिन्यांतल्या हालचालींना मेंदूच्या वरच्या थराची फारशी गरज नसते. चौथ्या-पाचव्या महिन्यात बाळ मुद्दाम हात पुढे करून वस्तू धरू लागलं की उणीव उघडी पडते. हा पक्षाघात मेंदूच्या डाव्या भागात जास्त आढळतो, म्हणून उजवा हात मागे पडलेली बाळं जास्त दिसतात.

एक फरक लक्षात ठेवा. बाळंतपणात खांद्यापाशी नस ताणली गेली असेल तर हात जन्मापासूनच लुळा, सैल असतो आणि पाय ठणठणीत असतो. मेंदूमुळे असेल तर मूठ घट्ट, कोपर वाकलेलं आणि पायही थोडा मागे असतो.

येत्या आठवड्यातच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पक्क्या निदानासाठी मेंदूचा एमआरआय लागेल. त्यासाठी बाळाला झोपेचं औषध देतात, तेव्हा किती तास उपाशी ठेवायचं ते आधी विचारून घ्या. पक्षाघात जुना निघाला तर रक्त पातळ करणाऱ्या औषधाची सहसा गरज नसते. व्यायाम मात्र लगेच सुरू करायचे असतात. या वयासाठी सोपी, अभ्यासानं तपासलेली पद्धत अशी: चांगल्या हाताला मऊ मोजा किंवा हातमोजा घालायचा आणि मागे पडलेल्या हाताशी खेळायचं. दिवसातून ३० मिनिटं, आठवड्यातून सहा दिवस, सलग सहा आठवडे. मग काही काळ विश्रांती आणि पुन्हा सहा आठवडे. खेळणी हलकी, पकडायला सोपी आणि हात लागताच वाजणारी हवीत. फिजिओथेरपिस्टनं आधी बाळ पाहून खेळ ठरवून द्यावेत. चांगला हात दोरीनं किंवा फडक्यानं बांधून ठेवायचा नाही. मिटलेली मूठ जोर लावून उघडायची नाही आणि मालिश करताना हात ओढायचा नाही. हलक्या हाताचं तेल चालेल, पण मालिश म्हणजे उपचार नव्हे.

आईला दोष देऊ नका, हे मुद्दाम लिहितो. तिनं ग्रहणात काय केलं, काय खाल्लं, याच्याशी याचा काडीचा संबंध नाही. या प्रकारचा पक्षाघात त्याच बाळाला पुन्हा होणं विरळ असतं आणि पुढच्या बाळंतपणातही धोका फार कमी असतो. फिट मात्र नंतरच्या वर्षांतही येऊ शकते, म्हणून तपासणी चुकवू नये.

आपल्या देशात अशी मुलं किती असतील? कुठल्या वयात जास्त? – एक विद्यार्थी, सोलापूर

देशपातळीवरची चांगली मोजदाद कॅनडाने १९९२ पासून आणि स्वित्झर्लंडने २००० पासून नोंदवही ठेवून केली आहे. इंग्लंडच्या दक्षिण भागात २००८-०९ मध्ये वर्षभर सोळा वर्षांखालच्या मुलांची मोजणी झाली. महिन्याच्या पुढच्या मुलांत रक्तवाहिनी तुंबून होणारा पक्षाघात वर्षाला लाखात १.६ आढळला आणि वर्षाच्या आतल्या बाळांत लाखात चारच्या वर. तिथल्या आशियाई आणि कृष्णवर्णीय कुटुंबांतल्या मुलांत धोका साधारण दुप्पट होता.

वयाप्रमाणे पाहिलं तर चित्र सपाट नाही. सगळ्यांत मोठा धोका जन्माच्या आसपास असतो. जुने आकडे साधारण चार हजार जन्मांत एक असं सांगतात. एमआरआय सर्रास होऊ लागल्यावर तो आकडा वाढतच गेला आहे. पहिल्या काही वर्षांत धोका टिकून राहतो, शाळेच्या मधल्या वयात उतरतो आणि किशोरवयात पुन्हा चढतो. मोठ्या माणसांत दहापैकी आठ-नऊ पक्षाघात वाहिनी तुंबून होतात. मुलांत तुंबणं आणि फुटणं जवळजवळ निम्मं-निम्मं असतं. मुलग्यांचं प्रमाण बऱ्याच नोंदींत जास्त दिसतं. २००९ मध्ये छापल्या गेलेल्या एका आंतरराष्ट्रीय नोंदीत ११८७ मुलांपैकी ६० टक्के मुलगे होते. इंग्लंडच्या मोजणीत मात्र असा फरक दिसला नाही.

आता आपलं गणित मांडू. २०११ च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाखांवर होती. हजारी १६ जन्म धरले तर वर्षाला सत्तर हजारांच्या आसपास बाळं. चार हजारांत एक धरलं तर जन्माच्या आसपासचे पक्षाघातच सतरा-अठरा. म्हणजे जिल्ह्यात महिन्याला एकाहून जास्त बाळ. यातली किती सहाव्या महिन्यात ओळखली जातात आणि किती तिसऱ्या वर्षी, लंगडत चालू लागल्यावर, यावर त्यांच्या हाताचं भवितव्य ठरतं.

कारणांचं मिश्रणही देशागणिक बदलतं. जन्मजात हृदयदोष सगळीकडे आहे. आपल्याकडे त्यात क्षयाचा मेंदूज्वर येऊन मिळतो: दोन आठवडे रेंगाळलेला ताप, चिडचिड, उलट्या, सुस्ती आणि मग एक बाजू लुळी. जुलाबानं शरीरातलं पाणी आटून मेंदूच्या शिरेत गुठळी होणं, रक्तातलं लोह कमी असणं, किशोरवयात संधिवाताच्या तापानं बिघडलेली हृदयाची झडप, विंचू किंवा घोणस चावल्यानंतरचा पक्षाघात, हेही आपल्याकडे पाहावं लागतं. विदर्भ आणि नंदुरबारकडच्या कुटुंबांत सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार, विचारलाच पाहिजे. उपचार नसलेल्या सिकलसेलच्या मुलांत विशीपर्यंत सुमारे ११ टक्क्यांना पक्षाघात होतो. दोन ते सोळा वर्षांपर्यंत दरवर्षी डोक्याची डॉप्लर तपासणी (रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी) करून आणि गरज पडल्यास नियमित रक्त देऊन त्यातले बहुतेक टाळता येतात.

मुलगा पंधरा महिन्यांचा. दिवाणावरून पडला, थोडा रडला, मग खेळू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी उजवा हात-पाय हलवेना. सीटी स्कॅनमध्ये ‘कॅल्शियमचे ठिपके’ आणि बारीक पक्षाघात सांगितला. एवढ्याशा पडण्यानं असं होतं? – एक वडील, अक्कलकोट रोड

होतं, आणि भारतातल्या बालमेंदूतज्ज्ञांना हा प्रकार चांगला परिचयाचा आहे. काही बाळांत मेंदूच्या खोल भागात जाणाऱ्या केसासारख्या बारीक वाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साठलेलं असतं. एरवी त्याचा त्रास नसतो. सहा महिने ते दोन वर्षं या वयात डोकं मोठं, मान कच्ची आणि पडणं रोजचंच. पडल्याच्या हिसक्यानं ती कडक वाहिनी दबते किंवा ताणली जाते आणि तिच्या पुढचा भाग रक्ताविना राहतो. हात-पाय गळणं कधी काही मिनिटांत दिसतं, कधी दोन-तीन दिवसांनी. डोक्याला टेंगूळसुद्धा नसतं, म्हणून पडण्याची आणि लुळेपणाची सांगड घरात कुणी घालत नाही. हे ठिपके सीटीत स्पष्ट दिसतात, एमआरआयमध्ये निसटू शकतात. त्यामुळे नुसता एमआरआय झाला असेल तर सीटीबद्दल विचारा.

बहुतेक मुलं काही आठवडे-महिन्यांत चांगली सुधारतात. पुन्हा पडलं तर पुन्हा होऊ शकतं. त्यासाठी डॉक्टर काही काळ कमी मात्रेत अ‍ॅस्पिरिन देतात, साधारण दर किलो वजनाला दिवसाला ३ ते ५ मिलिग्रॅम. हा आकडा पालकांनी प्रिस्क्रिप्शन वाचण्यासाठी आहे, घरच्या घरी गोळी फोडून देण्यासाठी नाही. अ‍ॅस्पिरिन चालू असताना कांजिण्या किंवा फ्लूचा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. त्या दोन आजारांत अ‍ॅस्पिरिनमुळे यकृत आणि मेंदूवर गंभीर परिणाम होऊ शकतो.

रक्तातलं लोह तपासून घ्या. या बाळांत ते बरेचदा कमी सापडतं. दिवसभर बाटलीनं दूध पाजल्यानं भूक मरते आणि दुधात लोह नगण्य असतं. वर्षाच्या पुढे दूध ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त नको. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी आशाताईंकडे लोहाचं सिरप असतं, आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर, त्यात २० मिलिग्रॅम लोह. मुलाला पंडुरोग निघाला तर एवढ्यानं भागत नाही, उपचाराची मात्रा वेगळी असते.

पुढचं वर्षभर गादी जमिनीवर घाला. कठडा नसलेल्या दिवाणावर मूल एकटं सोडू नका. आणि कौतुकानं हवेत उडवून झेलणं बंद. मामा-काकांना हे जरा कडक शब्दांत सांगावं लागतं.

चौथीतली मुलगी प्रार्थनेनंतर अचानक अडखळत बोलू लागली, पाटी हातातून गळाली. आम्हाला वाटलं उपाशी असेल, म्हणून साखरपाणी दिलं आणि घरी पाठवलं. तो पक्षाघात होता. आम्ही काय करायला हवं होतं? – एक शिक्षिका, पंढरपूर तालुका

बाई, मुलांत हे ओळखायला तज्ज्ञांनाही वेळ लागतो. पुढच्या वेळेसाठी हे स्टाफरूममध्ये लावून ठेवा.

अचानक झालेला बदल हीच खूण. मुलाला हसायला सांगा: तोंड एका बाजूला जातं का? दोन्ही हात समोर सरळ धरून दहा आकडे मोजायला सांगा: एक हात खाली येतो का? नेहमीचं एखादं वाक्य म्हणायला सांगा. ऐकण्याच्या वयात नसलेल्या मुलात एक बाजू न हलणं, अचानक झोक जाणं, नजर एकीकडेच खिळणं, कधी नव्हे इतकी डोकेदुखी आणि उलटी, किंवा फिट थांबल्यावरही एक हात लुळाच राहणं, यातलं काहीही पुरे. मोठ्या माणसांपेक्षा मुलांच्या पक्षाघातात सुरुवातीलाच फिट आणि डोकेदुखी जास्त दिसते.

घड्याळ पाहा आणि मूल शेवटचं नीट कधी दिसलं ती वेळ लिहून ठेवा. ‘सकाळी’ नको, ‘१० वाजून ४० मिनिटं’ असं. १०८ ला फोन करा. मुलाला कुशीवर निजवा, कपडे सैल करा. तोंडातून काहीही नाही: पाणी, साखर, चहा, गोळी काहीच नाही. गिळण्याचे स्नायू एका बाजूनं गेलेले असतील तर ते सरळ फुप्फुसात उतरतं. कांदा, चप्पल हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका.

दवाखाना निवडताना जवळचा कुठला यापेक्षा योग्य कुठला ते विचारा. चोवीस तास सीटी स्कॅन आहे का आणि लहान मुलांचा आयसीयू आहे का, हे दोन प्रश्न फोनवरच विचारा. तुमच्या तालुक्यातून सोलापूरपर्यंत दीड तास सहज जातो. मधल्या दोन दवाखान्यांत थांबून सलाइन लावण्यात तो तीन तासांचा होतो. पण मूल बेशुद्ध असेल, श्वास घेताना त्रास असेल किंवा फिट पाच मिनिटांत थांबत नसेल, तर आधी जवळच्या दवाखान्यात श्वास आणि फिट सांभाळणं भाग आहे.

तिथे सगळ्यांत आधी बोटाच्या रक्तातली साखर पाहतात, कारण साखर उतरली तरी असंच दिसतं. चेहऱ्याची नस सुजली तरी तोंड वाकडं होतं, पण तेव्हा त्या बाजूच्या कपाळाला आठ्या पडत नाहीत, डोळा मिटत नाही आणि हात-पाय व्यवस्थित असतात. मेंदूच्या पक्षाघातात कपाळ बहुधा वाचतं. फिटनंतरही काही वेळ एक बाजू दुबळी राहते आणि अर्धशिशीतही हात बधिर होतो. नेमकी इथेच फसगत होते. सीटी रक्तस्राव लगेच दाखवतो, पण वाहिनी तुंबली असेल तर पहिल्या काही तासांत सीटी स्वच्छ दिसू शकतो. ‘सीटी नॉर्मल आहे, घरी न्या’ असं सांगितलं आणि हात अजून लुळाच असेल, तर एमआरआयसाठी आग्रह धरा.

गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन मोठ्यांना साडेचार तासांच्या आत देतात. मुलांसाठी त्याची मात्रा ठरवायला सुरू झालेली चाचणी पुरेशी मुलं न मिळाल्यामुळे २०१३ मध्ये बंद झाली. त्यामुळे मुलांत तो निर्णय तज्ज्ञ एकेका रुग्णापुरता घेतात. तरी लवकर पोहोचण्याचं मोल कमी होत नाही. साखर, ताप, ऑक्सिजन, रक्तदाब आणि फिट पहिल्या तासांपासून सांभाळल्यानं मेंदूचा काठावरचा भाग वाचतो. आणि हृदय, मानेच्या वाहिन्या, रक्त तपासून कारण सापडलं तर पुढचा पक्षाघात टाळता येतो. महिन्यापुढच्या मुलांत तो पुन्हा होण्याचा धोका खरा असतो, तान्ह्या बाळांसारखा नगण्य नसतो.

बाळंतपणानंतर लगेच देतात ते व्हिटॅमिन के चं इंजेक्शन काही घरांतून नाकारतात, ‘एवढ्याशा जिवाला सुई नको’ म्हणतात. काय समजावू? – एक आशाताई, अक्कलकोट तालुका

त्यांना सांगा, ही सुई बाळाच्या मेंदूतला रक्तस्राव टाळते. रक्त गोठायला के जीवनसत्त्व लागतं. बाळ ते अगदी थोडं घेऊन जन्मतं आणि आईच्या दुधात ते कमीच असतं. आईचं दूध बंद करायचं कारण नाही, सुई द्यायचं कारण आहे. १ मिलिग्रॅम, मांडीत, जन्मानंतर पहिल्या काही तासांत, एकदाच. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला अर्धा मिलिग्रॅम.

ही सुई न दिलेलं, अंगावर पिणारं, गुबगुबीत बाळ तीन ते आठ आठवड्यांचं असताना अचानक पांढरंफटक पडतं, दूध सोडतं, कर्कश रडतं, टाळू फुगते, फिट येते. त्याआधी काही बाळांत छोटी सूचना मिळालेली असते: नाळेतून किंवा नाकातून थोडं रक्त, लस टोचलेल्या जागी न थांबणारं रक्त, मोठे निळे डाग. असं बाळ दिसलं तर उद्यावर टाकू नका. कावीळ लांबलेली आणि शी पांढरट असेल तर धोका आणखी जास्त, कारण यकृतातून पित्त उतरत नसेल तर के पचत नाही. डिस्चार्ज कार्डावर ‘के दिलं’ अशी नोंद आहे का, ते पहिल्याच गृहभेटीत पाहा. नोंद नसेल तर दवाखान्यात विचारून घ्या, दिलं नसेल तर तेव्हाही देता येतं.

कांजिण्यांमुळे पक्षाघात होतो हे खरं का? – एक वाचक, मंगळवेढा

क्वचित, पण खरं आहे. कांजिण्यांचा विषाणू मेंदूच्या वाहिनीच्या भिंतीला सूज आणू शकतो. कांजिण्यांनंतरच्या सहा महिन्यांत मुलांत धोका साधारण चौपट असतो, तरीही तो हजारो मुलांत एखाद्यालाच होतो. म्हणून घाबरण्यापेक्षा लस घ्या: पंधराव्या महिन्यात एक आणि अठरा-एकोणीस महिन्यांत दुसरी. ती सरकारी वेळापत्रकात नाही, खासगीत विकत घ्यावी लागते. नऊ देशांतल्या सातशेहून जास्त मुलांच्या अभ्यासात, आदल्या आठवड्यात संसर्ग झालेल्या मुलांत पक्षाघाताचा धोका सहापटीनं जास्त निघाला, आणि लसी अपुऱ्या असलेल्या मुलांत तो लसी पूर्ण असलेल्यांपेक्षा बराच जास्त होता. ‘लसीमुळे वारं गेलं’ असं म्हणणाऱ्यांना हा अभ्यास दाखवावा.

उन्हाळ्यात जुलाब झाल्यावर काय जपावं? – एक आई, सोलापूर

एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असताना जुलाब लागलेलं बाळ फार झपाट्यानं सुकतं. रक्त दाट होतं आणि मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी होऊ शकते. ओआरएसचं मोठं पाकीट बरोबर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदाच घाला, चिमटीचिमटीनं ग्लासात नको, कारण त्यानं मिठाचं प्रमाण बिघडतं. दर जुलाबानंतर दोन वर्षांखाली ५० ते १०० मिलिलिटर, त्यावरच्या मुलांना १०० ते २००, चमच्या-चमच्यानं. सोबत झिंक १४ दिवस, सहा महिन्यांपुढे रोज २० मिलिग्रॅम. जुलाब थांबले तरी झिंक थांबवू नका. सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल, आणि त्यावर सततची उलटी, गुंगी किंवा फिट दिसली तर ते नुसतं सुकणं नाही. दवाखान्यात ‘शिरेत गुठळी असेल का’ असं स्पष्ट विचारा. साध्या सीटीत ती चुकू शकते, तिच्यासाठी शिरांचा वेगळा स्कॅन असतो.

मामाच्या मुलीशी लग्न झालंय. पहिल्या बाळाला पक्षाघात झाला. पुढचं बाळ? – एक जोडपं, मोहोळ तालुका

नात्यातलं लग्न हेच कारण असेल असं नाही. पण अशा लग्नांत दोघांकडून एकच सदोष जनुक येण्याची शक्यता वाढते आणि त्यातून रक्त गोठण्याचे काही दोष किंवा रक्तात होमोसिस्टीन (एक अमिनो आम्ल) साठण्याचा आजार येतो. असा दोष पक्का झाला तर प्रत्येक गरोदरपणात धोका चारात एक धरतात. तो नसेल तर पुष्कळ कमी. त्यासाठी आधी पहिल्या बाळाच्या रक्ततपासण्या पूर्ण करा: होमोसिस्टीन, प्रोटीन सी आणि एस (गुठळ्या होऊ न देणारी रक्तातली प्रथिनं), रक्तस्राव झाला असेल तर फॅक्टर तेरा (रक्त गोठवणारा घटक) सुद्धा. पक्षाघाताच्या ऐन दिवसांत प्रोटीन सी आणि एसचे आकडे खोटे कमी येतात, म्हणून त्या तपासण्या तीन महिन्यांनी पुन्हा कराव्या लागतात. अहवाल हातात आल्यावर आणि दिवस जाण्याआधी जनुकतज्ज्ञांना भेटा. दिवस गेल्यावर भेटलात तर गर्भाची तपासणी करायला हाताशी फार थोडे आठवडे उरतात.